सोल्युशन्स आर्किटेक्टचा इंटरव्ह्यू देताय? नाशिककरांनो, तयारी अशी करा
सोल्युशन्स आर्किटेक्ट म्हणजे कस्टमरच्या गरजेप्रमाणे सिस्टिमचा आराखडा ठरवणारा. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत या पोस्टच्या इंटरव्ह्यूला समोरचा कस्टमर बनून बोलतो आणि तुम्ही काय विचारता ते बघतो, त्यामुळे प्रश्न ऐकला की लगेच आकृतीचे बॉक्स काढत सुटू नका. समजा विचारलं, २०२७ च्या सिंहस्थासाठी रूम बुकिंगची साइट डिझाइन करा, तर आधी विचारा की पर्वणीला एकदम किती लोक येणार, बजेट किती, साइट बंद पडली तर किती वेळ खपवून घेता येईल. ९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचा वेळ) म्हणजे वर्षाला जवळपास पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं, आणि हा फरक पैशात सांगता आला की निम्मं काम झालं. मग लोड बॅलन्सर (गर्दी अनेक सर्व्हरवर वाटणारा), कॅश (cache, सतत लागणारा डेटा हाताशी ठेवणारी जागा), क्यू (कामांची रांग) आणि एकच रूम दोघांना जाऊ नये म्हणून डेटाबेसमध्ये लॉक कुठे लावणार ते सांगा, इथे खोदून खोदून विचारतात हं, म्हणून 'हे का, ते का नाही' स्वतःहूनच बोला. सर्टिफिकेट असलं तर बरंच, पण त्यावर विसंबू नका. प्रॅक्टिससाठी पिंपळगावच्या एखाद्या द्राक्षबागायतदार काकांना क्लाउड बॅकअप समजावून बघा, जड शब्द न वापरता. त्यांनी 'मग खर्च किती येईल?' विचारलं की समजा जमलं.