अमानाझची श्रवणबैठक सांगली-मिरजेत कशी भरवावी

ज्या बँडने आपल्या अल्पायुष्यात एकच अल्बम काढला, त्याची ओळख लोकांना करून द्यायची असेल, तर तो अल्बम आधी सलग ऐकवावा आणि बँडची कर्मकहाणी मागाहून सांगावी, असे माझे ठाम मत आहे. झांबियातील अमानाझ हा असाच एक बँड. १९७५ साली त्यांचा ‘आफ्रिका’ हा अल्बम निघाला आणि पुढे बँड विस्कटला. कीथ काब्वे, आयझॅक म्पोफू, जॉन कन्येपा, जेरी मौसाला आणि वॉटसन लुंगू ही त्यातली पाच मंडळी. झांबियातील त्या काळच्या सायकेडेलिक, म्हणजे गुंगवणाऱ्या, स्वप्नवत आवाजाच्या रॉकला ‘झॅमरॉक’ म्हणतात. आपल्याकडे ही बैठक भरवताना काय काय सांभाळावे, ते पुढे लिहिले आहे.

जागा लहान निवडावी. वाचनालयाची वरच्या मजल्यावरची खोली किंवा एखाद्या संगीत वर्गाचा हॉल पुरे. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसे बसली की भरल्यासारखे वाटते. भावे नाट्यमंदिरासारखे मोठे सभागृह घेऊन पुढच्या चार रांगांत माणसे बसवण्याची हौस करू नये. गणेशोत्सवाचे दिवस टाळावेत, याचे कारण सांगलीकरांना सांगायला नको. वेळ दुपारी चारची ठेवावी. ती सोयीची आहेच, पण तिला एक आधारही आहे: शेजारच्या देशांतील युद्धांमुळे झांबियात रात्रीची संचारबंदी लागू झाली, तेव्हा तिथल्या बँडना आपले कार्यक्रम भर दुपारी करावे लागत.

ध्वनियंत्रणेवर सर्वांत अधिक लक्ष द्यावे, कारण बहुतेक बैठका तिथेच फसतात. ओळखीच्या डॉल्बीवाल्याकडून दोन साधे स्पीकर आणि एक मिक्सर आणावा, मात्र मिरवणुकीसाठी लावून ठेवलेला इक्वलायझर त्याच्याकडून सपाट करून घ्यावा. ढोलासाठी फुगवलेला खर्ज तसाच राहिला, तर मौसालांचा बास सगळ्यांच्या उरावर बसतो आणि दोन गिटारींमधील संवाद ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे या अल्बमचे दोन मिक्स उपलब्ध आहेत. एकात आवाज कोरडा आणि जवळचा आहे, तर दुसऱ्यात गाण्यांवर भरपूर घुमारा चढवलेला आहे. घरी हेडफोनवर मला घुमाऱ्याचा मिक्स आवडतो. तथापि फरशीच्या, उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये खोलीचाच घुमारा इतका असतो की त्यात आणखी भर पडली तर शब्द विरघळून जातात. म्हणून बैठकीला कोरडाच मिक्स लावावा, आणि शेवटी वेळ उरल्यास एखादे गाणे दोन्ही प्रकारे वाजवून फरक ऐकवावा.

आता सुरुवात. ख्याल आणि नाट्यपद ऐकत वाढलेल्या श्रोत्याला फझ गिटारचा पहिला खरखरीत स्वर ऐकून स्पीकर फाटला की काय असे वाटते, आणि तसे एकदा वाटले की तो पुढचे गाणे ऐकत नाही, खरखर तेवढी ऐकतो. यावर मिरजेत उपाय हाताशी आहे. बैठकीत एक तंबोरा आणावा. आधी घोडीवरून दोरे काढून तार छेडावी. स्वर बोथट, आखूड येतो. मग तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवत न्यावा. एका नेमक्या जागी जवारी उघडते, तार घोडीच्या उतरत्या पृष्ठभागाला हलकेच घासू लागते, आणि त्या झणत्काराच्या आत, कोणी वाजवलेला नसताना, स्वयंभू गंधार ऐकू येतो. जवारी लावणारा एखादा कारागीर स्वतः यायला तयार झाला तर उत्तमच; मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या बोटांचे काम समोर बसून पाहिलेले सांगलीकर तसे थोडेच.

हे दाखवून झाले की फझविषयी दोनच वाक्ये सांगावीत. फझ म्हणजे गिटारला जोडायची एक छोटी विजेची डबी; तिच्यात गिटारचा विद्युत संकेत मुद्दाम इतका वाढवतात की लहरींचे माथे छाटले जातात, आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वरांश निर्माण होतात. जवारी आणि फझ या दोन्हींची यंत्रणा अगदी वेगळी असली, तरी स्वर जाणूनबुजून खरखरीत करून तो भरगच्च करण्याचा हेतू एकच आहे. एवढे कळलेला श्रोता अल्बममधल्या ‘हिस्टरी ऑफ मॅन’ या गाण्यातील गिटारपुढे कानांवर हात ठेवत नाही.

त्यानंतर तबकडीची पहिली बाजू अखंड वाजवावी. मध्ये निवेदन नको, मोबाईलवर गाणे पुढे सरकवणे नको आणि चहाचे ट्रे फिरवणे तर मुळीच नको. क्रम महत्त्वाचा आहे: ‘संडे मॉर्निंग’ आणि ‘खाला माय फ्रेंड’ या संथ, उदास गाण्यांनंतर ‘हिस्टरी ऑफ मॅन’चा धक्का जो बसतो, तो ते गाणे सुटे ऐकून बसत नाही. काही गाणी इंग्रजीत आहेत, काही तिथल्या भाषांत. शब्दार्थाचे कागद आधी वाटले की माना खाली जातात, तेव्हा ते वाटू नयेत. पहिली बाजू संपली की चहा द्यावा आणि मग दुसरी बाजू ‘काले’ या शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकवावी.

इतिहास यानंतर, आणि तोही पंधरा मिनिटांत सांगावा. झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला. देशाच्या निर्यातीचा बहुतांश पैसा तांब्याचा. किट्वे, एन्डोला, चिंगोला या खाणींच्या शहरांत पगार होता, बार होते, आणि म्हणून बँडही होते. रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियाचेच वाजले पाहिजे, असा अध्यक्ष केनेथ काउंडा यांचा आग्रह होता आणि तरुण वादकांना त्याचे बळ मिळाले. पुढे तांब्याचे जागतिक भाव कोसळले, आणि ‘आफ्रिका’ निघाला तो नेमका याच पडझडीच्या काळात. लोकांच्या खिशात तबकड्यांसाठी पैसा उरला नाही. नंतरच्या एड्सच्या साथीने त्या पिढीतील कितीतरी वादक नेले. विच या प्रसिद्ध बँडच्या मूळ संचापैकी एमॅन्युएल ‘जगारी’ चांडा तेवढे मागे राहिले.

चर्चेत ‘ही तर पाश्चात्त्यांची नक्कल’ असा आक्षेप कोणीतरी घेणारच, आणि बहुधा तो सर्वांत जाणकार श्रोता असेल. त्याला नम्रपणे १८४३ सालाची आठवण करून द्यावी. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ सांगलीच्या संस्थानिकांनी पाहिले, तसे काही आपल्याकडे व्हावे असे त्यांना वाटले, आणि विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. बाहेरचे पाहून केलेल्या त्या खेळाला आज कोणी नक्कल म्हणत नाही. अमानाझच्या हातांतील गिटार आणि फझ परके होते, हे खरेच. ‘न्सुंका ल्वेंडो’तील लय मात्र परकी नाही, आणि शंका असणाऱ्यांना तेवढेच गाणे पुन्हा ऐकवावे.

वारशाबद्दल बोलताना भाबडेपणा टाळावा. हे संगीत पुन्हा चालू लागले ते मुख्यतः परदेशी संग्राहकांमुळे आणि नाऊ-अगेनसारख्या कंपन्यांनी काढलेल्या नव्या आवृत्त्यांमुळे. जुन्या प्रती संग्राहकांमध्ये भरमसाट किमतींना विकल्या जातात आणि त्या व्यवहारातला एक पैसाही वादकांकडे जात नाही. अधिकृत नवी आवृत्ती घेतली तर निदान तशी वाट उरते. म्हणून प्रवेशमूल्य ठेवायचे असल्यास त्या पैशांतून अल्बमची अधिकृत प्रत घ्यावी आणि ती ज्या वाचनालयात बैठक झाली तिथेच ठेवावी.

श्रोत्यांनी आणखी मागितले, तर पुढच्या बैठकीसाठी विचचा ‘लेझी बोन्स’ घ्यावा. तरुण मंडळी अधिक असतील, तर न्गोझी फॅमिली या दुसऱ्या झॅमरॉक बँडपासून सुरुवात करणे बरे, कारण टायलर, द क्रिएटर या अमेरिकी रॅपरने २०२४ मध्ये आपल्या ‘नॉइड’ या गाण्यात त्यांच्याच गाण्याचा तुकडा वापरला असल्याने ते स्वर त्यांच्या कानांवरून गेलेले असतात.