जुना डिस्क्लॅव्हियर दुरुस्तीला घेताना

आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या दुरुस्तीत येणारे आपल्याकडचे बरेच जण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन येतात. मीही तसाच आलो, अमेरिकेत. पण यामाहाचा डिस्क्लॅव्हियर हा आधी पियानो आहे. तारा, हॅमर, फेल्ट सगळं खरं. फक्त 88 पट्ट्यांखाली सोलेनॉइडची, म्हणजे विजेने पट्टी हलवणाऱ्या चुंबकी गुंडाळ्यांची, रांग बसवलेली. अमेरिकेच्या बाजारात तो 1987 साली आला, म्हणजे सुरुवातीच्या नगांनी आता पस्तिशी ओलांडली.

म्हणून तक्रार काहीही असो, वीज न लावता आधी प्रत्येक पट्टी हाताने वाजवा, अगदी हळू. दमट हवेने फेल्ट फुगून पट्टी जड झाली असेल तर बिचारा सोलेनॉइड तरी काय करणार? ‘हळू वाजताना सूर गळतात’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा रेग्युलेशनमध्ये, म्हणजे पट्टी-हॅमरच्या बारीक जुळणीतच सापडतं.

पट्टी हाताने नीट वाजते आणि यंत्राने मुकी राहते, तर मग मीटर काढा. वीज तोडून त्या सोलेनॉइडचा रोध मोजा आणि शेजारच्या दोन-तीनशी ताडून पाहा. रोध जुळला तर संशय जोडणीवर किंवा सोलेनॉइडना वीज सोडणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावर. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून राहतात. मीटरवर शून्य दिसेपर्यंत हात लावू नका. जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळलेले दिसले, तर ते बदलल्याशिवाय पुढचं निदान करण्यात अर्थ नाही.

मागची पाटीही वाचा. जपानी बाजारासाठीचा नग 100 व्होल्टचा असतो. इथल्या 120 वर ‘चालतोय की’ म्हणून तो चालवणारे भेटतात. असा सेकंडहँड पियानो कोणी भारतात नेला आणि थेट 230 ला जोडला, तर विचारायलाच नको. योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.

आता गाण्यांच्या फ्लॉपी डिस्क, म्हणजे गिऱ्हाइकाचं खरं दुखणं. सुरुवातीच्या मॉडेलना 720 केबीच्या डबल डेन्सिटी डिस्क लागतात, 1.44 एमबीच्या चालत नाहीत. ड्राइव्ह काढून तिथे यूएसबी वाचणारा फ्लॉपी एम्युलेटर बसवणं ही माझ्या मते सर्वांत शहाणी सुधारणा. गोटेक नावाचा एम्युलेटर स्वस्त मिळतो, पण केबल आणि जंपर जुळवत बसावं लागतं. त्याआधी घरातल्या वाचता येतील तेवढ्या डिस्क कॉपी करून घ्या. कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेल्या डिस्क साध्या कॉपीने उतरत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

मागे मिडीची, म्हणजे सुरांचे संकेत देण्याघेण्याची, सॉकेटं असतील तर संगणकावरूनही पियानो वाजवता येतो. इथे नवखे हमखास बुचकळ्यात पडतात, कारण सूर अर्धा सेकंद उशिरा येतो. हा बिघाड नाही. हळू मारलेल्या हॅमरला तारेपर्यंत पोहोचायला जोरात मारलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सगळे सूर तालात पडावेत म्हणून यंत्र 500 मिलिसेकंद राखून ठेवतं आणि प्रत्येक पट्टी हिशेबाने आधी-नंतर हलवतं. सोबतीचा ट्रॅक संगणकातून वाजवायचा असेल तर त्यालाच अर्धा सेकंद मागे ढकला.

शिकायचं कुठे? ट्यूनरच्या हाताखाली, दुसरा रस्ता मला माहीत नाही. इथे पियानो टेक्निशियन्स गिल्ड या कारागिरांच्या संघटनेची परीक्षा आहे : एक लेखी, एक ट्यूनिंगची आणि एक यांत्रिक कामाची. सोल्डरिंग येणारे पुष्कळ असतात, पण रेग्युलेशन येणारा दुर्मीळ. दर त्याचाच चांगला असतो.

‘सगळं काढून नवीन यंत्रणाच बसवा’ म्हणणारं गिऱ्हाईकही येईल. पियानोडिस्क किंवा क्यूआरएस या कंपन्यांची यंत्रणा बसते, पण खर्च मोठा. सोलेनॉइड आणि सेन्सर धड असतील तर मी नाही म्हणतो. बोर्ड जळालाय आणि बदली मिळतच नाही, तेव्हाच दोन्ही अंदाजपत्रकं पुढे ठेवतो. पाहणीची फी मात्र आधी घेतो.