बार्सिलोनाजवळ समुद्रकाठी हॉटेल घेताना

उन्हाळ्यात बार्सिलोनातल्या किनाऱ्यालगतच्या खोल्या खिशाला झेपत नाहीत, म्हणून अनेकजण आसपासच्या गावांत राहतात. कल्पना चांगलीच आहे, फक्त हॉटेलच्या फोटोंआधी लोकलचा मार्ग बघा.

उत्तरेकडे बादालोना, मासनोऊ, मातारोकडे आर-१ लोकल जाते. स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वे १८४८ मध्ये याच पट्ट्यात धावली आणि रूळ अजूनही वाळूला खेटूनच आहेत. त्यामुळे ‘सी व्ह्यू’ खरा असला, तरी खोली आणि समुद्र यांच्यामध्ये बरेचदा महामार्ग आणि रूळ दोन्ही येतात. पाण्यापर्यंत जायचं ते भुयारी वाटेने. नकाशा मोठा करून ती वाट कुठे आहे ते शोधा. सोबत आजी-आजोबा किंवा बाबागाडी असेल, तर पायऱ्या आहेत की उतार, हे हॉटेलला विचारूनच घ्या.

दक्षिणेला कास्तेलदेफेल्सची वाळू रुंद आहे, लहान मुलांना छान. पण विमानतळ जवळ आहे, आवाजाबद्दलचे अभिप्राय वाचा. तिथे दोन स्टेशनं आहेत. किनाऱ्यावरच्या हॉटेलसाठी ‘प्लाजा दे कास्तेलदेफेल्स’ला उतरायचं. माझं मत मात्र सित्जेसला. लोकलने साधारण ४० मिनिटं, आणि स्टेशन, जुन्या गल्ल्या, समुद्र सगळं चालत.

१७ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला दर रात्रीचा पर्यटन कर पडतो, तो बहुधा काउंटरवर वेगळा भरावा लागतो. शहरात जेवायला थांबणार असाल तर परतीची शेवटची लोकल आधी बघून ठेवा, कारण तिथे रात्रीचं जेवणच नऊनंतर सुरू होतं.