जुन्या क्रिकेट गेमला टीव्हीचं रूप देताना: माझा अनुभव

जुना क्रिकेट गेम रुंद मॉनिटरवर लावला आणि धावफलक बघून वाईट वाटलं. आकडे चपटे, तिरंग्यातलं अशोकचक्र अंड्यासारखं! धावफलकाचं चित्र ४:३ (रुंदी:उंची) पडद्यासाठी बनवलेलं. १६:९ वर ते आडवं ३३ टक्के ताणलं जात होतं. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवली (हे विसरू नका). मग चित्रातलं सगळं रुंदीत ७५ टक्क्यांवर आणलं, उरलेली जागा पारदर्शक सोडली. गेमनं ताणल्यावर चक्र बरोब्बर गोल दिसलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग कॅमेरा. गेममध्ये तो फलंदाजाच्या पाठीमागे असतो. टीव्हीवरही पूर्वी एकाआड एक षटक असंच दिसायचं. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातले टीव्ही-उद्योजक केरी पॅकर यांच्या क्रिकेट मालिकेत दोन्ही टोकांना कॅमेरे लागले आणि सामना कायम गोलंदाजाच्या मागून दिसू लागला. मीही तोच कोन निवडला. पहिले दोन दिवस टायमिंग चुकतं, पण स्विंग काय सुंदर दिसतो!

आवाजात संगीत शून्य, प्रेक्षक समालोचनाच्या निम्मे. आता बॅटचा ‘टॉक’ स्वच्छ ऐकू येतो.