मोकळ्या मालाचा कंटेनर बनवताय? रिकामा करताना रडवणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या हॉपरचा (खाली निमुळत्या होत जाणाऱ्या डब्याचा) खालचा उतार बघा. पत्र्यावर हातोड्याचे पोचे दिसतात. माल अडकला की गडी हातोडा घेतो. बाहेरून पोचा पडला की पत्रा आतून फुगतो, त्या फुगवट्यावर माल आणखी थांबतो आणि पुढच्या वेळी हातोडा जास्त चालवावा लागतो. मोकळा, म्हणजे पोत्यांत न भरलेला, माल वाहणाऱ्या कंटेनरांची गतही हीच होते. पत्र्याची जाडी किंवा वेल्डिंग यांचा यात फारसा दोष नसतो. माल बाहेर कसा पडणार हे कुणी आधी ठरवलेलं नसतं, तिथंच घोळ होतो.

आपल्याकडे डबा भरायचा विचार करून बांधला जातो. किती टन मावेल, गाडीवर बसेल का, रंग कोणता. खाली करण्याचं काम हमालांवर सोडलेलं असतं. खरं तर माल बाहेर पडायचं तोंड आधी ठरवायचं, मग उतार, आणि डबा सगळ्यात शेवटी त्यांच्याभोवती बांधायचा.

घनफळ बघून डबा ठरवणं

20 फुटी प्रमाण कंटेनरचं आतलं घनफळ साधारण 33 घनमीटर आणि एकूण वजनाची कमाल मर्यादा 30,480 किलो असते. रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं की मालासाठी जवळपास 28 टन उरतात. कोरड्या सिलिका वाळूची घनता घनमीटरला दीड टनाच्या थोडी वर धरली, तर 28 टन वाळू अठरा घनमीटरात संपते. तळावर पसरली तर थर जेमतेम 1.3 मीटरचा होतो, म्हणजे डबा निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. सोयापेंडीचं उलटं आहे. तिची घनता 0.6 च्या आसपास, म्हणून डबा काठोकाठ भरला तरी वीस टनांच्या पुढं जात नाही. एकच डबा दोन्हींसाठी उत्तम असतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वाळूसाठी उंची कमी करून पत्रा जाड घ्या, पेंडीसाठी घनफळ वाढवा. आणि वाळूचा थर तळावर सारखा पसरलेला हवा. टोकाला ढीग करून भरला तर एकाच बाजूच्या ॲक्सलवर जादा भार येतो आणि वजनकाट्यावर एकूण वजन बरोबर दिसूनही गाडी अडचणीत येते.

ढिगाचा उतार म्हणजेच हॉपरचा उतार, हा समज

या चुकीनं सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाळू जमिनीवर ओतली की ढिगाचा उतार 34-35 अंशांवर थांबतो. ते बघून काही जण हॉपर 45 अंशांचा करतात आणि दहा अंश जादा दिले म्हणून निर्धास्त होतात. पण ढिगात दाणा दाण्यावरून घसरतो. हॉपरमध्ये तो पत्र्यावरून घसरायचा असतो, वरच्या मालाचा दाब घेऊन. दोन्हींचा हिशेब वेगळा. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी हा हिशेब मांडला. मालाचं पत्र्याशी होणारं घर्षण, मालाचा स्वतःचा चिकटपणा आणि तोंडाची रुंदी या तीन गोष्टी मोजल्या की माल सगळाच्या सगळा सरकेल की फक्त मधून बीळ पडून बाजूचा तसाच बसेल, हे आधीच सांगता येतं.

त्यातही कोपरे. चौकोनी हॉपरच्या दोन बाजू 45 अंशांवर ठेवल्या, तर त्या जिथं मिळतात त्या कोपऱ्याचा उतार 45 राहत नाही, तो 35 अंशांवर येतो. दोन्ही बाजू 60 च्या केल्या तरी कोपरा 51 चाच. कोपरा 55 अंश हवा असेल तर बाजू 64 च्या आसपास न्याव्या लागतात. कागदावर बाजूचा दर्शनी भाग काढून कोन लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण कोपरा त्या चित्रात दिसतच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम काम करणारे कारागीर आहेत. तुम्ही दिलेला कोन ते तंतोतंत पाडतील. पण कोपऱ्याचा कोन तुम्हीच काढून दिला पाहिजे. उंची परवडत नसेल तर कोपऱ्यात आतून पट्टी वाकवून गोलाई द्या. कोपऱ्याचा उतार त्यानं वाढत नाही, पण दोन पत्र्यांच्या खाचेत माल घट्ट धरायला जागा राहत नाही.

आतल्या पत्र्याच्या जोडाकडेही बघा. कौलं जशी वरचं खालच्यावर येईल अशी रचतात, तसा वरचा पत्रा आतून खालच्या पत्र्यावर आला पाहिजे. उलटा जोड दिला की प्रत्येक जोडावर एक पायरी तयार होते. आडवं वेल्डिंग आतून घासून सपाट करा. साध्या मालवाहू कंटेनरच्या भिंतींची उभी पन्हळ तर याहून त्रासदायक. डबा मागं कलवला की माल त्या खाचांना आडवा सरकतो आणि प्रत्येक खाचेत थोडा थोडा उरतो. म्हणूनच धान्य, साखर, पेंड अशा मालासाठी आत प्लास्टिकची पिशवी, म्हणजे लायनर, लावतात. लायनर लावला तर दरवाज्याच्या आतल्या आडव्या पोलादी पट्ट्या विसरू नका. त्यांच्याशिवाय सगळा माल थेट दरवाज्यावर रेलतो.

माल न तपासताच तोंड ठरवणं

सिंधुदुर्गातल्या कासार्डे परिसरातून फोंडा घाट चढून येणारी धुतलेली सिलिका वाळू ओलसर असते. तीच वाळू भट्टीत वाळवली की पाण्यासारखी वाहते, ओली असताना मुठीत दाबली तर गोळा होतो. कोरड्या वाळूसाठी केलेलं तोंड ओल्या वाळूला अजिबात चालत नाही, आणि ओल्या वाळूसाठी ठेवलेली गेटची फट कोरडी वाळू रस्ताभर सांडत जाते. म्हणून पुरवठादारांच्या कागदावरची घनता वाचून थांबू नका. ज्या दिवशी सर्वांत वाईट माल येतो, पावसाळ्यातला, त्या दिवसाचा नमुना घ्या.

महागडी यंत्रं नसतील तरी एक चाचणी कारखान्यातच होते. एक लिटरच्या मापात माल अलगद भरून वजन करा. मग तेच माप टेबलावर शंभर-दोनशे वेळा हलकं आपटा, खाली बसलेल्या जागी तोच माल घालून माप पुन्हा काठोकाठ भरा आणि वजन करा. दुसरं वजन पहिल्याच्या सव्वापटीच्या आत असेल तर माल सहसा निमूट वाहतो. 1.4 पटीच्या वर गेलं तर तो वाटेत दबून बसणार हे धरून चाला. कोळशाची भुकटी आणि बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत घालायची चिकणमाती) हमखास या दुसऱ्या गटात बसतात. घाटातल्या वळणांनी आणि खड्ड्यांनी त्यांची तीच आपटाआपटी चार तास होत असते.

तोंडाचा आकार गोल करण्यापेक्षा लांबट फट करा. चिकट माल गोल तोंडावर चहूबाजूंनी कमान धरतो, म्हणजे पुलासारखा अडकून बसतो, फटीवर फक्त दोन बाजूंनी. त्यामुळं फटीला गोल तोंडाच्या साधारण निम्मी रुंदी पुरते, मात्र तिची लांबी रुंदीच्या तिप्पट तरी हवी. मालात खडे असतील तर सर्वांत मोठ्या खड्याच्या सहा ते आठपट तोंड ठेवा.

खालच्या स्क्रूकडे दुर्लक्ष

फट लांब केली आणि खाली माल पुढं ढकलणारा, सगळीकडे सारख्या आट्यांचा फिरता स्क्रू बसवला, की फक्त मागच्या टोकाचा माल उचलला जातो. पहिल्या आट्यांतच स्क्रू भरतो, पुढं घ्यायला जागाच उरत नाही. पुढचा माल आठवडाभर जागचा हलत नाही आणि साखरेसारखा असेल तर गोळे धरतो. आट्यांमधलं अंतर पुढं पुढं वाढत गेलं पाहिजे. गेटचंही असंच आहे. माल कमी सोडायचा म्हणून गेट अर्धं उघडलं तर उघड्या बाजूचाच माल निघतो. गेट पूर्ण उघडा, वेग खालच्या पट्ट्यानं किंवा स्क्रूनं आवरा.

व्हायब्रेटर

गेट बंद ठेवून व्हायब्रेटर, म्हणजे पत्रा थरथरवणारं यंत्र, लावू नका. माल दबून आणखी घट्ट बसतो. गेट उघडं असताना, तेही थोड्या थोड्या वेळानं. आणि जिथं उतारच चुकलाय तिथं व्हायब्रेटर बसवून तो सुधारत नाही, फक्त वेल्डिंग तडकतं.

जुना कंटेनर कापताना

जुना कंटेनर स्वस्तात मिळतो, म्हणून त्यालाच छतावर झाकणं आणि पुढं गेट कापून घेण्याकडे कल असतो. भिंतीचा पन्हळी पत्रा दीड ते दोन मिलिमीटरचाच असतो, पण चौकटीबरोबर तोही भार उचलतो. त्यात भोक पाडलं की भोकाभोवती चौकट वेल्ड करून ती ताकद परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय मानकात बाजूच्या भिंती मालाच्या वजनाच्या 0.6 पट आणि पुढची-मागची टोकं 0.4 पट ताकदीवर तपासतात. 28 टन माल असेल तर बाजूवर जवळपास 17 टन. कापलेला डबा एवढं झेलेल याची खात्री तपासणी करूनच होते, आणि अशी कापाकापी केल्यावर दरवाज्यावरची सुरक्षा पाटी पुन्हा मंजूर करून घेतल्याशिवाय तो डबा जहाजावर चढवू नये. न्हावा शेव्याच्या बंदरावर जाऊन तो परत येण्यापेक्षा हा खर्च इथंच केलेला बरा. मोकळ्या कोरड्या मालाच्या कंटेनरसाठी वेगळं मानक आहे, आयएसओ 1496 चा भाग 4. नवीन बनवायचाच असेल तर तिथून सुरुवात करा.

हवेचा रस्ता

वरची झाकणं घट्ट बंद ठेवून खालून पंपानं माल ओढला तर आत हवा कमी होते आणि पत्रा आत खेचला जातो. डबा चेपायला फार मोठी पोकळी लागत नाही. पुरेशा आकाराचा श्वासमार्ग द्या आणि त्याची जाळी धुळीनं बुजली नाही हे प्रत्येक फेरीला बघा. साखर, पिठं, कोळशाची भुकटी यांची धूळ पेट घेते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 ला साखरेच्या धुळीनं स्फोट होऊन 14 माणसं गेली. साखरपट्ट्यात राहणाऱ्या आपण ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. डबा, नळी आणि गाडी यांना अर्थिंग जोडल्याशिवाय खाली करायला सुरुवात करू नका.

कलवताना

20 फुटी डबा 45 अंशांवर उचलला की त्याचा वरचा कोपरा जमिनीपासून सात-साडेसात मीटरवर जातो. शेडचं छत आणि वरून जाणाऱ्या तारा आधी बघा. गाडी काळ्या मातीवर उभी असेल, त्यात पाऊस झालेला असेल, तर एका बाजूची चाकं रुततात आणि वर गेलेलं वजन सगळ्या गाडीला आडवं करतं. काँक्रीटची सपाट जागा नसेल तर कलवायचंच नाही. उचलण्याआधी गेट उघडा, थोडं थोडं उचला, प्रत्येक टप्प्यावर माल निघतोय का बघा. डबा पूर्ण वर गेला आणि माल वरच्या टोकाला चिकटून राहिला, हीच सर्वांत धोक्याची अवस्था. तेव्हा गाडी पुढं-मागं झटकू नका, डबा खाली घ्या.

तरीही अडकलाच तर

वरून झाकणातून टॉर्च टाकून बघा. मधे बीळ दिसलं तर उतार कमी पडतोय किंवा पत्रा खडबडीत आहे, आतून गुळगुळीत स्टेनलेस पत्रा किंवा प्लास्टिकचं अस्तर लावून बहुतेक वेळा काम भागतं. गेट उघडूनही काहीच येत नसेल आणि वरचा पृष्ठभाग सपाट असेल, तर खाली कमान धरली आहे. तोंड लहान आहे किंवा माल ओला. एकाच कोपऱ्यात उरत असेल तर वर सांगितलेला कोपऱ्याचा हिशेब करा. अडून अडून अचानक धो धो येत असेल तर बारीक भुकटीत हवा भरली आहे. तिला बसायला वेळ द्या.

माणूस मात्र आत उतरवायचा नाही. कमान वरून घट्ट दिसते, पायाखाली पोकळ असते, आणि कोसळली की छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस दोघातिघांनी ओढूनही निघत नाही. सिलिका वाळू असेल तर धूळ फुप्फुसात जाते ते वेगळंच. म्हणून डबा बनवतानाच उताराच्या पत्र्याला दोन-तीन ठिकाणी बाहेरून उघडणारी झाकणबंद भोकं ठेवा, लांब सळई बाहेर उभं राहून आत घालता येईल अशी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तशा वेळी भरलेल्या गाड्या दिवस-दिवस जागेवर उभ्या राहतात. अशा डब्याला नेहमीसारखं थेट कलवू नका. आधी झाकण उघडून ओल तपासा, मग सळईनं तोंडाजवळचा माल सैल करा, आणि तो सुटा वाहू लागल्यावरच पहिला टप्पा उचला.