घरात बीपी-शुगर आहे? मग तेराव्या वर्षापासून मुलांचं हे तपासा

आईला बीपी, आजोबांना शुगर, काकांची अँजिओप्लास्टी झालेली. अशा घरात जनुकीय चाचणीच्या मागे लागण्याआधी एक कोरा कागद घ्या. रक्तदाब वाढवणारं सहसा एकच जनुक नसतं, शेकडो जनुकांचा थोडाथोडा हातभार लागतो. म्हणून लाळ पाठवून मिळणाऱ्या अहवालापेक्षा हा कागद डॉक्टरांना जास्त कामाचा.

त्यावर भावंडं, आई-वडील, काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहा. प्रत्येकापुढे आजार, आणि तो कितव्या वर्षी सुरू झाला ते. बहुतेक घरं इथंच चुकतात. सत्तरीत सुरू झालेली गोळी आणि बत्तिसाव्या वर्षी सुरू झालेली गोळी, यांत मुलाच्या दृष्टीने फार फरक आहे. पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर खाली रेघ ओढा. आईला गरोदरपणी शुगर होती का, मुलाचं जन्मवजन किती, हेही लिहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं वजनाला कमी असूनही त्या मानाने अंगात चरबी जास्त घेऊन येतात. तेव्हा ‘आमचा तर काडीपैलवान’ म्हणून तपासणी टाळू नका.

बीपी मोजताना घोळ होतो तो पट्ट्याचा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का पाहा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच वाढतो. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर कमी दिसतो, आणि खरा त्रास लपतो. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात छातीच्या उंचीवर. बोलू देऊ नका. एकेका मिनिटाने तीनदा मोजा, शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी धरा. तेरा वर्षांपुढे १२०/८० च्या खाली ठीक. वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० च्या पुढे वेगवेगळ्या तीन दिवशी आला, तर डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या पुढे असेल, किंवा आकडा वाढलेला असताना डोकेदुखी, उलटी, धूसर दिसणं असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मग कंबर. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नको. मानेमागची काळपट, मखमलीसारखी जाड कातडी मळ समजून घासत बसू नका, ती घासून जात नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलाची उपाशीपोटी शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा. शुगर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वअवस्था.

जनुकीय चाचणीला अर्थ मोजक्या वेळी असतो: सडपातळ मुलाचं बीपी १४०/९० च्या पुढे आणि पोटॅशियम कमी, किंवा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६० च्या वर आणि आई-वडिलांपैकी एकाचंही तसंच. हा दुसरा, आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा दोष असला, तर प्रत्येक भावंडात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यांचंही रक्त तपासा.