जुनाट कंबरदुखी: तपासताना आणि उपचार करताना या चुका टाळा

कंबर १२ आठवड्यांहून जास्त दुखत राहिली की ती जुनाट कंबरदुखी. असा रुग्ण हल्ली एमआरआयची पिशवी घेऊनच येतो आणि पहिली चूक तिथेच होते. फिल्म आधी उजेडात धरली जाते, रुग्णाला हात नंतर लागतो.

पुढचं सगळं ठरलेलं. समजा, पस्तिशीचा शिंपी. चार महिने कंबर दुखते, पायात कळ नाही, ताकद शाबूत. रिपोर्टमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली. त्याला सांगितलं जातं, "मणक्यात गॅप आलाय, वाकू नका, वजन उचलू नका." तो मशीन बंद ठेवतो, पट्टा बांधतो, दिवसभर पडून राहतो. तीन महिन्यांत कंबरेचे स्नायू दुबळे होतात, वाकायची धास्ती बसते, गिऱ्हाईक तुटतं आणि दुखणं जिथल्या तिथे. ज्यांना कंबरदुखी नाही अशांच्या स्कॅनमध्येही विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांत बल्ज दिसतो. पन्नाशीत ८० टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या असतात. म्हणजे रिपोर्टमधला बल्ज हे निदान नव्हे. "वयानुसार दिसणारा बदल आहे, हालचाल केल्याने बिघडणार नाही," एवढं स्पष्ट सांगा. 'गॅप' हा शब्द तर ओपीडीत उच्चारूच नका.

लघवी तुंबली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद उतरत चालली, तर मात्र एमआरआय त्याच दिवशी.

आपल्याकडे टीबी विसरणं अक्षम्य आहे. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, आडवं झालं तरी न थांबणारं रात्रीचं दुखणं, मणक्यावर ठोकल्यावर नेमक्या एकाच जागी कळ, यातलं काहीही असलं तर ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि एमआरआय करा. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी मणक्याचा टीबी असू शकतो. अशा वेळी घाईने दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन चार दिवस आराम देतं आणि रोग आत पसरत राहतो.

दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, हालचालीने बरं वाटतं आणि विश्रांतीने वाढतं? मग सांध्यांच्या दाहाचा विचार करा. एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करू नका.

पाय सरळ उचलताना मांडीच्या मागे ताण आला की नस दबल्याची चाचणी पॉझिटिव्ह लिहितात. ते चूक आहे. ३० ते ७० अंशांत गुडघ्याखाली उतरणारी कळ हवी. पोटरीची ताकद खाटेवर कळत नाही, एका पायाच्या चवड्यावर १० वेळा उठायला सांगा. खुबा आत फिरवून बघा, जांघेत दुखलं तर मूळ तिकडे असू शकतं.

फक्त कंबर दुखते म्हणून प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) लिहू नका. पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं) नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३मध्ये सांगितलं आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते व्यायामात. चित्रांचा कागद हातात देऊन "हे करा" म्हणणं म्हणजे उपचार नव्हे. रुग्ण बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालतो, मग तीन दिवस अंथरुणात, आणि "व्यायामाने वाढलं" म्हणून कायमचा सोडतो. त्याला विचारा, किती मिनिटं चालल्यावर दुखणं वाढतं? १० म्हणाला तर ८वर सुरू करा, रोज, आणि दर तिसऱ्या दिवशी एक मिनिट वाढवा. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, थोडं दुखलं म्हणून कमी नाही. थांबायचं ते घड्याळ बघून. झोप लागते का, कामाची काळजी आहे का, हेही याच भेटीत विचारा. दोन आठवड्यांनी परत बोलवा आणि 'किती दुखतं'च्या आधी विचारा, "मशीनवर सलग किती वेळ बसलात?"